मला ऐकू न आलेली शिट्टी

साल २०२३. माझं वय एकोणसत्तर. कोलकात्यातल्या डमडमच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात सुनेत्राताई दुसऱ्यांदा आल्या होत्या आणि चिडल्या होत्या.

"काका, तुम्ही लॅपटॉपचा पंखा बदललात. आवाज आहे तसाच आहे."

"आवाज नाहीच आहे," मी म्हणालो.

मी चौथी शिकलोय. उमेदीची सगळी वर्षं मोटरींच्या वाइंडिंगमध्ये गेली, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरायची. लॅपटॉप मला कुणी शिकवले नाहीत. उघडून बघितले, आले.

ताईंचे यजमान सरकारी नोकरीत, बदलीवर इकडे आलेले. ताई गाण्याचे धडे रेकॉर्ड करून पुण्या-नागपूरच्या मुलांना पाठवतात. एक ओळ गायची, मग मुलांना म्हणायला जागा मोकळी सोडायची. त्या मोकळ्या जागेत लॅपटॉपची शिट्टी वाजत होती.

"आज संध्याकाळी नवे धडे जायचेत. दोन मुलांच्या आया म्हणाल्या, असंच असेल तर क्लास बंद. दर बदलीला सगळं सोडून येते मी, काका. हा क्लास तेवढा बरोबर येतो."

मी लॅपटॉप कानाला लावला. शांत.

"बघा, काही नाही."

"अहो, सुई जातेय माझ्या कानात!"

"तुमचे कान गाण्याचे. ज्यादा ऐकतात."

तेवढ्यात आमची मंदा आतून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अहो, हे काय चिरचिरतंय?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहाकडे.

"तुला बरं ऐकू येतंय!"

"न यायला काय झालं? तुम्हाला कुकरची शिट्टी तरी कुठे ऐकू येते?"

गिऱ्हाइकापुढे बायको असं बोलली की काम सुरू केलेलं बरं. मंदाला लॅपटॉपजवळ बसवलं. मागचं झाकण काढून पंखा बोटाने धरला.

"आता?"

"आहे."

म्हणजे पंखा नाही. आवाज बंद करून एक व्हिडिओ लावला.

"आता?"

"गेला."

व्हिडिओ थांबवला.

"आला परत."

तेव्हा कळलं. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचं डोकं. काम नसलं की वीज वाचवायला तो डुलकी काढतो, लगेच जागा होतो, परत डुलकी. दर वेळी त्याला वीज देणाऱ्या छोट्या कॉइलला झटका बसतो. कॉइल थरथरते, शिट्टी वाजते. काम असलं की डुलकी नाही, शिट्टी नाही. मोटरीतली सैल तारही अशीच बोलते. ती जाड्या आवाजात बोलते, मला ऐकू येतं.

सैल तार घट्ट बसावी म्हणून आम्ही तिला वार्निश पाजतो. माझा हात डब्याकडे गेला.

"काका! माझ्या लॅपटॉपवर काय ओतताय?"

डबा खाली ठेवला. लॅपटॉप चालू होताना एक बटण दाबलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं. त्याला बायोस म्हणतात. प्रोसेसरची झोप तिथे बंद करता येते. इंग्रजी ताईंनी वाचलं, बटण मी दाबलं.

"मंदा, आता?"

"नाही."

"नीट ऐक."

"नाही म्हटलं ना! तुम्हाला हवाय का आवाज?"

ताईंनी दुकानातच एक ओळ गाऊन रेकॉर्ड केली, हेडफोन लावून ऐकली आणि पहिल्यांदा हसल्या.

"बॅटरी लवकर उतरेल, थोडा तापेल," मी सांगितलं. "चार्जर लावून गात जा."

संध्याकाळी धडे गेले. त्या दोन्ही आयांची मुलं अजून शिकताहेत.

पार्ट बदलायच्या आधी आवाज कधी येतो आणि कधी जातो ते बघावं, एवढंच यातून घ्यायचं. आपल्याला ऐकू येत नसेल तर ज्याला येतं त्याला बसवावं.

त्याच महिन्यात अशाच तक्रारीची काही गिऱ्हाइकं मी 'काही आवाज नाही' म्हणून परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि एकेकाला फोन लावला. "ले आइए दादा, टेस्टिंग का नया इंतजाम किया है."

नवा इंतजाम काउंटरमागे दुसऱ्या खुर्चीवर बसून मटार सोलत होता.