इंगळांचा मान

माजिवड्यात माणसं भिवा तरेला चेहऱ्याआधी पायांवरून ओळखायची. मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. तळ भुसभुशीत राहिला तर मिठात माती येते. भिवा पोरवयापासून तेच करत आला होता. पंजे पसरट झालेले, टाचा भेगाळून भेगाळून शेवटी दगडासारख्या. गोदाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने जावयाच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघून होकार दिला होता. म्हणाली, "या पायांच्या घरात पोर उपाशी मरनार नाय."

इंगळांचा मानही याच घराचा. चैत्रात गावदेवीची जत्रा भरते. दिवस मावळायला आला की देवळापुढच्या चरात पेटती लाकडं मोडून निखारे पसरतात आणि त्यावरून पहिली चाल तरे घरातल्या थोरल्याची. तो पार झाला की मग नवसाची माणसं. पार झालेल्याचे पाय त्याच्या बायकोने हळदीच्या पाण्याने धुवायचे. गोदा ते दर वर्षी धुवायची. भिवा दात दाबून पुटपुटायचा, "हलू गं, हलू," आणि पुढे दोन-चार दिवस टाचांवर चालायचा. पण देवळापुढे कधी "हाय" म्हणाला नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत खाडीकाठच्या खाजणातली शेतं कारखान्याला गेली. मिठागरातला वाटाही भिवाने आणि त्याच्या धाकट्या भावाने, नाथाने, सोडून दिला. पक्कं घर झालं, ओटीला फरशी आली. भिवा त्या ओटीवर बसला तो बसलाच. ठाण्याच्या बाजारातून जिलबीचा पुडा यायचा, दुपारी झोप, संध्याकाळी पान. अंग सुटलं. गाव म्हणालं, भिवाने अंग धरलं, सुखाचं खातोय. गोदालाही पहिली काही वर्षं बरं वाटलं. उन्हात काळा ठिक्कर पडलेला तिचा नवरा उजळ दिसायला लागला होता.

मग तो पाणी पिऊ लागला. तांब्या उशाशी लागायचा, तो रिकामा व्हायचा, तो पुन्हा उठायचा. मागच्या भिंतीशी जिथे तो लघवीला बसे, तिथे मुंग्यांची रांग लागायला लागली. गोदाने राख टाकली. मुंग्या राखेवरून चालत आल्या.

छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराला मुंबईहून एक डॉक्टरीणबाई गावात आल्या. सुमतीबाई त्यांचं नाव. त्यांना एक गोष्ट शोधायची होती. एकाच गावची, एकाच रक्ताची माणसं, काही अजून मिठागरात घाम गाळतात, काही जमिनी विकून घरी बसली. या दोघांच्या शरीरात काय फरक पडतो? देवळात काटा लावला. वजन, पोटाचा घेर, हाताला पट्टा बांधून रक्ताचा दाब, आणि बाटलीत लघवी. मोठी करमणूक झाली.

"बाई, ही गोड लघवी शेटलोकांना होते ना?" कोणी तरी विचारलं.

"त्यांनाच होते असं काही नाही."

"म्हंजे आमी आता शेट झालो म्हनायचं!"

देऊळ हसलं. एक म्हातारी मात्र पोट मोजायच्या टेपकडे बघून तोंड फिरवून बसली. उभ्या माणसाचं माप घेऊ नये, माप तिरडीसाठी घेतात, एवढंच ती म्हणाली. मग कोणी हसलं नाही.

भिवाची पाळी आली. काचेच्या नळीत निळं औषध होतं. बाईंनी त्यात थेंब टाकून ते दिव्यावर उकळलं. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं आणि विटेसारखं लाल होऊन थांबलं. बाईंनी भिवाला बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी घेतली.

"टोचलं की सांगा."

भिवा डोळे मिटून बसला. बाईंनी तळव्याला टोचलं.

"टोचा ना, बाई."

"टोचलं मी."

भिवा हसला. "यो मिठागराचा पाय हाय, बाई. याला खिला लागंल, टाचनी नाय."

मंडळींनी मान डोलावली. पण गोदा जवळच बसली होती. बाईंनी दुसऱ्यांदा टोचलं ते तळव्याला नव्हे. पावलाच्या वर, अंगठ्याच्या मागे, जिथली कातडी पोराच्या गालासारखी मऊ असते तिथे. रक्ताचा थेंब वर आला. भिवाचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तेच हसू.

जाताना बाईंनी गोदाला बाजूला घेतलं. "साखर अंगात मुरली आहे. गोड बंद करा, त्यांना ठाण्याला इस्पितळात न्या. आणि अनवाणी फिरू देऊ नका. काटा गेला, भाजलं, तरी त्यांना कळणार नाही. आता त्यांच्या पायांना तुमचेच डोळे."

जत्रा महिन्यावर आली होती.

गोदा पहिल्यांदा बोलली ते भाकरी वाढताना. "अवो, यंदा चाल नाथाभावोजींना द्या."

भिवाने ताट सरकवलं. "कशाला?"

"बाई बोलली, तुमचे पाय..."

"इतकी वरसं मना भाजलं, तवा कोन बोललं नाय. आता मुंबईच्या बाईनं टाचनी टोचली, तर मी पांगला झालो?" मग आवाज खाली आला. "शेत गेलं, मिठागर गेला, गोदे. गावात माझं आता काय हाय? ती एक चाल हाय."

ती नाथाकडे गेली. नाथा ओशाळला. "दादा जिता असताना मी पुढं होऊ, वयनी? गाव तोंडात शेन घालंल माझ्या."

एक शब्द तिच्याकडे होता. पाय मेलेत. तो देवळापुढे मोठ्याने म्हटला असता तर पुजाऱ्यानेच चाल थांबवली असती. मेल्या अंगाने देवीपुढे जाता येत नाही. पण सवाष्ण बाईने, देवीच्या दिवशी, नवऱ्याच्या अंगाला मेलं म्हणायचं? चराच्या कडेला हळदीच्या पाण्याचा तांब्या धरून उभी असताना तो शब्द दोनदा तिच्या जिभेवर आला. दोन्ही वेळा तिने तो गिळला.

ढोल सुरू झाला. भिवा निखाऱ्यांवर उतरला.

एरवी तो झपझप यायचा. यंदा मधेच थबकला, जणू पायाखाली काही आहे की नाही ते चाचपत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं. तो हळू चालू लागला, वरातीत चालावं तसा. मधोमध थांबून त्याने दोन्ही हात वर केले. "आई आली! भिवाच्या पायांत आई आली!" गाव ओरडलं. बायका रडायला लागल्या. नाथाने जमिनीवर लोटांगण घातलं.

भिवा पलीकडे पोचला आणि पाटावर बसला. "गोदे," तो लहान पोरासारखा म्हणाला, "कायच नाय लागला बघ. थंडगार!"

गोदा पाणी ओतायला वाकली. आधी वास आला. मग दिसलं. त्याच्या करंगळीच्या बेचक्यात एक निखारा अडकला होता, अजून लाल. तिने पाणी टाकलं, तो चुरचुरला. भिवा वर बघून लोकांशी हसत होता.

पुढचं फार लांबलं नाही. पाय सुजला, काळा पडला, आणि तरीही दुखला नाही. न दुखणाऱ्या पायाला घेऊन इस्पितळात कोण जातं? ताप चढला तेव्हा नाथाने बैलगाडी जुंपली. गुडघ्याखाली पाय कापला. शुद्धीवर आल्यावर भिवाने एकच विचारलं, "पाय कुठं ठेवला? खाडीत टाकायला सांग." दिवाळीआधी तो गेला.

वर्ष फिरलं. सुमतीबाई पुन्हा आल्या. गोदाने पांढऱ्या कपाळाने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, तुमाला उत्तर मिललं?"

"नाही अजून. खूप गावं बघायची आहेत. कितीतरी वर्षं लागतील."

नाथा त्या दिवशी नेमका कल्याणला लग्नाला गेला होता. मान आता त्याचा होता. त्याचंही पोट धोतरावर आलं होतं, आणि मागच्या भिंतीशी मुंग्यांची दुसरी रांग लागली होती.

जत्रेच्या सकाळी गोदा बाभळीचा काटा घेऊन त्याच्यासमोर बसली. "डोले मिटा, भावोजी."

नाथा हसला. "तू पन डाक्तरीन झालीस काय?" पण वहिनीचा शब्द त्याने मोडला नाही. डोळे मिटले. बाहेर चराशी लाकडं रचल्याचा आवाज येत होता. गोदाने त्याच्या अंगठ्यामागच्या मऊ कातडीवर काटा टेकवला आणि दाबला. थेंब वर आला. तिने आणखी दाबला.

"टोच ना, वयनी," नाथा म्हणाला. "कवाची थांबलीस?"

गोदा उठली. पदराला हात पुसत ती सरळ देवळापुढे गेली. "तऱ्यांचे पाय मेलेत," ती मोठ्याने म्हणाली. "भावोजी यंदा इंगलांवर उतरनार नाय."

लाकडं रचणारे थांबले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी कारखान्याला गेल्या होत्या. एकाने फक्त, नकळत, आपल्या पायांकडे पाहिलं.