शेजारचा रकाना

सांगलीच्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मी सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी पेन्सिलीच्या खुणा खोडण्यात घालवली. परदेशी जर्नलं बोटीनं यायची, तीन-तीन महिने उशिरा. ती हातात पडायचा अवकाश, की आमचे भावी डॉक्टर समासात बाण काढायचे, 'महत्त्वाचे' असं लिहायचे. एकानं तर हृदयाच्या आकृतीत एका मुलीचं नाव घातलं होतं. मी दंड घ्यायचो. "छापलेल्या मजकुरात तुमच्या अकलेची भर नको," असं प्रत्येकाला ऐकवायचो. पण पालथ्या घड्यावर पाणी. माघारी ते मला 'खोडरबर' म्हणायचे, हे मला ठाऊक होतं.

राहायला मी माधवनगरला, एका खोलीत. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शनिवारी दुपारी लायब्ररीला कुलूप लावलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं काही कारण पडत नसे. कीव यावी म्हणून हे सांगत नाही. आकाराम ज्याच्याकडे यायचा तो माणूस काय लायकीचा होता, तेवढं आधी कळलेलं बरं.

आकाराम आटपाडीकडच्या एका वस्तीवरचा, डाळिंबाच्या बागेत राखणदार. १९९२ साली विहिरीच्या पायरीवरून घसरून मांडीचं हाड मोडलं म्हणून आमच्या हॉस्पिटलात आला, आणि दुसऱ्याच दिवशी वॉर्डात बोंब उठली. शेजारच्या खाटांवरचे म्हणायला लागले, ह्याला हलवा, नाहीतर आम्हाला घरी सोडा. त्याच्या अंगाला कुजक्या मासळीसारखा वास येत होता. जखम चिघळली म्हणावं तर अंगावर जखमच नव्हती. सिस्टरनी डेटॉलच्या पाण्यानं तीन दिवस त्याला पुसून काढला. माणूस लखलखीत झाला, वास होता तिथेच राहिला.

मेडिसिन विभागात डॉक्टर उमा नावाच्या तरुण लेक्चरर होत्या. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावून राउंड उरकला. उमा मॅडम मात्र लायब्ररीत येऊन दोन दिवस जुने अंक उपसत बसल्या. मग त्यांनी त्याची लघवी बर्फात घालून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली. महिन्याभरानं निदान आलं. अन्नातून पोटात एक पदार्थ तयार होतो. तुमच्या-आमच्या यकृतात तो मोडला जातो, आकारामच्या यकृतात मोडला जात नाही. मग तो घामातून आणि श्वासातून बाहेर पडतो. हे जन्मापासूनचं. अंडी, मटकी, हुलगा, शेंगदाणे बंद केले तर वास थोडा कमी होतो, पुरता जात नाही. इंग्रजीत त्या रोगाला मासळीच्या वासाचंच नाव आहे.

"यात तुझी काही चूक नाही. अंघोळीचा काहीएक संबंध नाही," असं मॅडमनी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजे मी घाण न्हाई?"

चौतीस वर्षं तो दिवसातून दोनदा अंग घासत होता, तेही पाण्याची बोंब असलेल्या मुलखात. शाळेत मास्तरांनी त्याला व्हरांड्यात बसवला, तिथूनच तो दुसरी शिकला आणि घरी बसला. थोरला भाऊ त्या भागातल्या शेकडो पोरांसारखा सोनं गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत गेला होता. त्यानं ह्याला सोबत नेलं. तिथे सहा माणसं एका खोलीत ॲसिडच्या वाफेत काम करून तिथेच झोपायची. त्यांनीसुद्धा पंधराव्या दिवशी त्याला गाडीत बसवून दिलं. लग्न झालं होतं. बायको अकरा दिवस नांदली. पुढे बागेतली झोपडी मिळाली आणि तो गावापासून सुटला, किंवा गाव त्याच्यापासून.

१९९४ च्या अखेरीस मॅडमचा लेख छापून आला. दोन पानांचा होता. मॅडमना त्याचा बढतीसाठी उपयोग व्हायचा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी आकारामला एक प्रत दिली आणि म्हणाल्या, लायब्ररीतल्या साहेबांकडून वाचून घे.

तो दारात आला तशी मी खिडकी उघडली आणि त्याला पलीकडच्या टेबलाची खुर्ची दाखवली. तो सवयीनं तिकडेच निघाला होता.

"माजं नाव कुठं हाय, सायेब?"

"नाव घालत नाहीत. 'चौतीस वर्षांचा पुरुष' असं आहे."

"आन फोटू?" त्यानं विचारलं आणि स्वतःच हसला. "वासाचा फोटू कसा निघंल म्हना."

मी मराठी करून वाचू लागलो. 'जगात या व्याधीचे मोजकेच रुग्ण आजवर नोंदले गेले आहेत,' इथे त्यानं हात वर केला. शाळेतली सवय असावी.

"म्हंजे आनखी हायत?"

"आहेत की. इंग्लंडमध्ये, अमेरिकेत."

"हिकडं जवळ?"

"नाही."

तो म्हणाला, "सायेब, माजा वास कसा येतो ते मला कवाच कळलं न्हाई. समदी म्हंत्यात मासळीवानी. मला काय बी येत न्हाई. एकदा तसलं मानूस भेटलं, जवळ बसून वास घेतला, म्हंजे कळंल. लोक कशाला पळत्यात ते तरी कळंल."

एवढीच त्याची आशा होती. मी त्याला आमच्याकडचा तो दर महिन्याला येणारा जाडजूड ग्रंथ दाखवला. जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूची असते त्यात. म्हटलं, नवी केस कुठे सापडली तर इथे कळेल. बोलून गेलो आणि फसलो. आकाराम दर महिन्याला यायला लागला.

पहाटेच्या एसटीनं निघायचा. मागच्या सीटवर खिडकीपाशी बसायचा. कधी कंडक्टर मध्येच उतरवायचा, मग पुढच्या गाडीनं. साडेअकराला दारात. मी सूची उघडायचो, त्याच्या रोगाच्या नावाखाली बोट फिरवायचो आणि सांगायचो: या वेळी एक आहे, कॅनडात. या वेळी काही नाही. या वेळी उंदरांवरचा आहे. "उंदराला बी हुतं?" असं त्यानं विचारलं होतं. मग मी लेख काढून त्याला थोडा वाचून दाखवायचो. कॅनडातली बाई शिक्षिका होती, नोकरी सोडून बसली. तो "अरारा" म्हणायचा आणि तिची चौकशी पुढच्या महिन्यातही करायचा, ती काय आमच्या माधवनगरला राहत असल्यासारखी.

मी काही संत नव्हतो. तो यायचा त्या दिवशी निलगिरीचे थेंब टाकलेला रुमाल खिशात ठेवायचो. एकदा त्यानं सरळ विचारलं, "खरं सांगा सायेब, लय येतो?"

"छे. काही विशेष नाही."

"समदी अशीच सांगत्यात," तो म्हणाला, "आन खिडकी उगडत्यात."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. पण उठून खिडकी बंद करायचं काही मला जमलं नाही.

आणखी एकदा म्हणाला, "शनिवारच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसत्यात त्या बायांच्या वळीत जाऊन हुभा ऱ्हायलो. तितं कोण सरकत न्हाई बगा. पर मला काय मोठा वास आला न्हाई. लोक तितनं जाताना नाक का धरत्यात कुनास ठावं." मी हूं म्हटलं. त्या बोलण्यात केवढी गोष्ट होती ते माझ्या डोक्यात शिरलं नाही, आणि मी वाङ्‌मय सांभाळणारा माणूस.

एक कबुली देतो. माझ्या अंगाला कसलाच वास नव्हता, तरी माझ्याकडे कुणी येत नव्हतं. महिनाअखेर आली की मी त्याची वाट बघायचो, रुमालासकट.

१९९७ च्या फेब्रुवारीत उमा मॅडम धावतच लायब्ररीत आल्या. वाईकडची दहा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली होती, मयूरी नावाची. तीच व्याधी. मुंबईचा अहवालही आला होता. "आकारामला कार्ड टाका," त्या म्हणाल्या. "ओपीडीत माणसं बघतात म्हणून मुलीची आई बसायला तयार नाही. तुमच्या मागच्या खोलीत बसू या, जर्नलं असतात तिथे."

आकाराम आला तो नवा पायजमा घालून, पिशवीत आठ-दहा डाळिंबं घेऊन. दाढी केलेली. "आता कळंल," एवढंच म्हणाला.

मुलगी दोन वेण्या घातलेली, खाली मान. तिच्याभोवती दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आईसुद्धा एक खुर्ची सोडून बसली होती. खोलीत वास दाटला होता. आकारामनं खुर्ची उचलली आणि मुलीच्या अगदी शेजारी नेऊन ठेवली. दोन वर्षांत त्याला कुणाच्या जवळ खुर्ची सरकवताना मी पाहिलं नव्हतं.

तो बसला. डोळे मिटून त्यानं मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग जरा वाकून पुन्हा. मुलीनं अंग चोरलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं काय तरी चुकलंय. ह्या पोरीला वास न्हाई."

उमा मॅडमनी अहवाल पालथा ठेवला आणि हळूहळू त्याला समजावलं. त्याच्या नाकाला त्या वासाची जन्मापासून सवय झाली आहे. इतकी, की तो वास त्याला येणारच नाही. स्वतःचा नाही, हिचाही नाही, बाजारातल्या मासळीचाही धड नाही.

"म्हंजे मला कवाच कळायचं न्हाई," तो म्हणाला.

त्याचा चेहरा उतरला. दोन वर्षं एसटीचे धक्के खाऊन आलेला माणूस, आणि हाती काय लागलं तर हे. मला भडभडून आलं, मॅडमचा रागही आला, उगाच.

तेवढ्यात मुलीनं मान वर केली. "खरंच नाही येत?"

"न्हाई पोरी."

"शपथ?"

"औंधच्या यमाईची शपथ. काय बी येत न्हाई. पावडर लावलीस तिचा तेवढा येतो."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिला आजवर सगळ्यांनीच 'नाही येत गं' म्हणून सांगितलं असणार, माझ्यासारखंच, खिडकी उघडत. खोटं कसं ऐकू येतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. तिनं आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली, खुर्चीला खुर्ची लागेपर्यंत.

"मला वर्गात बोंबील म्हणतात," ती म्हणाली.

"मला गावात सुकट."

ती हसली, मग तोही. आई पदरात तोंड घालून रडायला लागली. आकारामनं डाळिंब फोडलं, दाणे तिच्या ओंजळीत घातले, आणि दोघं खात बसली. ती त्याला शाळेचं सांगत होती, तो तिला बागेवर येणाऱ्या पोपटांचं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग आईनं घड्याळ बघितलं, साताऱ्याची गाडी होती.

"पत्ता द्याल का, ताई?" आकारामनं विचारलं. "दिवाळीला डाळिंबं धाडीन."

आईनं मॅडमकडे बघितलं. मुलीची जात, पुढे लग्न व्हायचं. नाव बाहेर फुटू नये असं त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या, पत्ता देता येत नाही, आकाराम.

"बरुबर हाय," तो म्हणाला. उरलेली डाळिंबं पिशवीसकट मुलीला दिली. ती दारातून दोनदा मागे वळली. त्यानंतर आईनं तिला सांगलीला कधी आणलं नाही.

आकारामनं पुढे सूची उघडायला लावली नाही. मध्ये वर्ष-दीड वर्ष तो आलाच नाही. १९९८ च्या डिसेंबरात मॅडमचा दुसरा लेख आला, दोन रुग्णांचा, तेव्हा मीच कार्ड टाकलं. कानशिलावर केस पिकलेले, थोडा वाळलेला, असा आला. ती त्याची शेवटची खेप ठरली.

मी अंक उघडून त्याच्यापुढे ठेवला. पानाच्या मध्यावर एक तक्ता होता.

"हा डावीकडचा रकाना तुझा. केस एक, पुरुष. आणि हा तिचा. केस दोन, मुलगी, वय दहा."

त्यानं एकेका रकान्यावर बोट ठेवलं. "शेजारी शेजारी हाय व्हय?"

"शेजारी शेजारी."

"आन सायेब, त्या दिवशीचं हाय का ह्यात? मला तिचा वास आला न्हाई, त्ये?"

लेख मी आधी वाचला होता. तरी त्याच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आकडे होते, लघवीतलं प्रमाण होतं, आहार होता, सत्तावीस संदर्भ होते.

"नाही," मी म्हटलं.

"त्ये लिवाय पायजे हुतं," तो म्हणाला. रागानं नाही, एखाद्यानं घराचा नंबर चुकीचा टाकला तर सांगावं तसं. मग उठला आणि त्याच्या नेहमीच्या वाटेनं, भिंतीकडेनं, चालू लागला.

"थांब," मी म्हटलं. त्याला परत बोलावून माझ्या टेबलाशी, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवला. खिडकी त्या दिवशीही उघडीच होती, ते लपवत नाही. मी अंक ओढला आणि तक्त्याखालच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं: केस एकला केस दोनचा वास येत नाही. त्याला वाचून दाखवलं.

लायब्ररीचा शिक्का असलेला अंक होता तो. मी शाईनं लिहिलं.