राखेखालचा विस्तव
शुक्रवारी खाली बागेत कुणी बार्बेक्यू पेटवला की मला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधली आमची जुनी बांधकामाची साइट आठवते. थंडीचे दिवस होते. आमचा आयरिश फोरमन सुट्टीवरून परतताना विटेएवढं एक काळं ढेकूळ घेऊन आला होता. त्यांच्या गावाकडे दलदलीतली, कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती कापून, वाळवून पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जाळायचे, आणि आता सरकारने ती दलदल राखीव केली होती. "भरपाई दिली, जमीनही आमच्याच नावावर ठेवली," तो म्हणाला, "पण कापणं खलास. वडिलांनी पैसे घेतले आणि फावडं धुऊन ठेवलं. घरातलं हे शेवटचं ढेकूळ." काम सुटल्यावर त्याने ते पत्र्याच्या पिंपात पेटवलं. धुराला ओल्या मातीचा गोडसर वास होता, आणि एरवी कॅम्पवर नेणाऱ्या बसच्या नावाने बोंब मारणारे आम्ही सगळे पिंपाभोवती हात शेकत बसलो होतो. बस आली तसा तो आग विझवायला पाण्याची बाटली घेऊन उठला. आमच्यातल्या श्रीवर्धनकडच्या चाचांनी त्याचा हात धरला. "रुको साब," म्हणत त्यांनी आमच्याकडे चुलीत झाकतात तसा विस्तव राखेखाली नीट झाकला. फोरमन बघत राहिला. "माझी आई असंच करायची," एवढंच बोलला. सकाळी त्याने राख उकरली, तर आत निखारा अजून लाल होता. त्याने तो पुन्हा झाकला आणि कामाला लागला. आता माझ्या घरी इंडक्शन आहे. बटण बंद केलं की झाकून ठेवायला काही उरत नाही.