मसाल्याचा डबा

भाजलेल्या मिरचीचा ठसका लागला की मला तो मे महिना आठवतो. लेकीला ऑटिझम आहे हे नुकतंच कळलं होतं. ऑटिझममध्ये मेंदूला सूज येते आणि तिखटाने ती वाढते असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकून सासूबाईंनी घरातलं तिखटच बंद केलं. वर्षाचा मसाला नाही, पोरीला दोन्ही वेळ हळदीचा काढा. बांगड्याच्या तिखट कालवणाशिवाय भाताला न शिवणारी माझी पोर सुकत चालली. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मेंदूची राखण करणाऱ्या पेशी काही मुलांत जास्त चिडलेल्या दिसतात, हे खरं. का, ते अजून शोधतायत. पण ते मसाल्याने होतं असं कोणी म्हटलेलं नाही. जेवू द्या तिला." मी घरी न जाता पोरीला घेऊन थेट लालबागला मसाला कुटून घ्यायला गेले. कुटायच्या यंत्राच्या धाडधाड ठोक्यांवर ती डोलायला लागली, बायका वळून बघायला लागल्या. मी तिला आवरलं नाही. घरी येऊन मसाल्याचा डबा ओट्यावर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "तिला काही झालं तर?" "तिला भूक लागलीय, आई," मी म्हटलं आणि काढा मोरीत ओतला. आता पोर माझ्याहून उंच झालीय. दर मे महिन्यात आम्ही दोघी जातो. बायका अजून बघतात, आणि आता मीही डोलते.