माकडटोपीवरचं दव

देवाने शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुणाकुणाला दर्शन दिलं, हे मी भोसरीतल्या आमच्या बायकांच्या प्रार्थना सभेत बरीच वर्षं शिकवत होते. पेटूनही न जळणारं झुडूप, भर दुपारी तंबूच्या दारात आलेले तीन पाहुणे, नदीकाठची ती कुस्ती, सगळं हातवारे करून सांगायचे. कुस्तीच्या वेळी एकदा माझा चष्मा उडून चर्चच्या पाळकीणबाईंच्या मांडीत पडला होता. बायका म्हणायच्या, "बाई, तुम्ही सांगता तेव्हा डोळ्यांपुढे उभं राहतं." मी मान खाली घालून हसायचे आणि घरी आल्यावर आरशात स्वतःकडे आदराने बघायचे. आरशातली ती बाई आज रस्त्यात भेटली, तर मी तिच्या पदराला मागून कपड्यांचा चिमटा लावून पळेन.

माझ्या मुलीला लहानपणापासून फिट येतात. गोळ्या वेळेवर घेतल्या की काही होत नाही. तेव्हा ती हिंजवडीला नोकरी करत होती. तिला आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका मुलाचं स्थळ आलं. मुलगा चाकणच्या कंपनीत, बोलायला सरळ. दोघं एकदा भेटले, एकमेकांना आवडले. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, लपवायचं नाही. पण मीच सांगणार. त्याच्या तोंडाकडे बघून. तुम्ही कुणी मधे पडायचं नाही. रविवारी उपासना झाली की आम्ही चहाला जाणार आहोत, तेव्हा."

तिचं मागणं एवढंच होतं. आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची.

मला मात्र घास उतरेना. मी विचारलं, "मावशीला सांगू का गं? एकटीने प्रार्थना होत नाही माझ्याच्याने." मावशी म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी नगरकडच्या, लग्न होऊन एकाच चाळीत आलो, दोघींचे नवरे एकाच वर्कशॉपमध्ये. माझं बाळंतपण तिने केलं होतं. फिटचं तेवढं तिलाही सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "सांग. पण फक्त मावशीला."

एवढ्यावर शहाण्या बाईने सांगून टाकलं असतं. पण मी पडले शिकवणारी! त्याच आठवड्यात मी गिदोन शिकवला होता. त्याने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, रात्रीच्या दवाने लोकर भिजू दे आणि जमीन कोरडी राहू दे. म्हटलं, आपणही मागू. भोसरीत लोकर कुठली? घरात लोकरीची एकच वस्तू होती, ह्यांची माकडटोपी, थंडीत पहिल्या शिफ्टला जाताना घालायची. ती रात्री गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि देवाला म्हटलं, टोपी ओली निघाली तर सांगते.

सकाळी टोपी ओलीचिंब! कठडा कोरडा. म्हणजे, टोपीच्या आजूबाजूला थोडा ओला होता, पण विश्वास म्हटल्यावर इतकं बारीक बघायचं नसतं.

मी जाऊन मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले, रडली. म्हणाली, "तुझी लेक ती माझी लेक."

गुरुवारी सभा आमच्याच घरी होती. आमच्यात आधी विनंत्या सांगतात, मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची. मैत्रिणीची पाळी आली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि सुरू केलं.

"दयाळू बापा, आमच्या या बहिणीच्या लेकीला तू ओळखतोस. तिला फिट येतात, हे तुला ठाऊक आहे, प्रभू. लग्न जमत आलंय आणि मुलाकडच्यांना अजून सांगितलेलं नाही, हेही तुला ठाऊक आहे..."

देवाला ठाऊक होतं. मुलाच्या आत्याला ठाऊक नव्हतं. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. शेवटी सगळ्या "आमेन" म्हणाल्या, त्यात तिचं आमेन सगळ्यांत खणखणीत.

रविवार यायच्या आत फोन आला. "आम्हाला फसवलंत तुम्ही." एवढंच बोलून ठेवला. मुलगी नुकतीच कॅबमधून उतरून घरात आली होती, खांद्यावर बॅग तशीच. कसं कळलं त्यांना, ते मी सांगितलं. "मावशीने?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मी सांगितल्यावर तो नाही म्हणाला असता, तर चाललं असतं गं. मला बोलूच दिलं नाही."

मी तशीच मैत्रिणीच्या दारात गेले. ती मटार सोलत होती.

"मी प्रार्थनाच केली ना?" ती म्हणाली. "देवापुढे काय लपवायचं? बस, चहा टाकते."

आणि मी बसले. चहा प्यायले. त्या चहाचा राग मला अजून येतो.

घरी येऊन मी ह्यांना टोपीची हकिकत सांगितली. निदान देवाने खूण दिली होती, असं म्हणायला गेले. हे म्हणाले, "अगं, वरच्या वहिनी सकाळी तुळशीला पाणी घालतात. ते खाली गळतं. म्हणून तर मी टोपी आत ठेवतो!"

त्या दिवसापासून मी शिकवणं बंद केलं. पाळकीणबाईंना गुडघेदुखीचं कारण दिलं. खरं दुखणं देवाशी होतं. मोशेसाठी तू झुडूप पेटवलंस, आणि माझ्यासाठी एक टोपी कोरडी ठेवता आली नाही? मैत्रिणीने विश्वास मोडला, ते मला समजत होतं, माणूस आहे. पण खूण मी तुझ्याकडे मागितली होती.

पुष्कळ दिवसांनी, भांडायलाच म्हणून, मी शास्त्र पुन्हा उघडलं आणि हागार नावाच्या दासीच्या गोष्टीपाशी अडकले. ही गोष्ट मी नेहमी घाईने उरकायचे. दासी, तिच्यात हातवारे करण्यासारखं काय? ज्या घराने हवी तशी वापरली, त्याच घराच्या जाचाला कंटाळून ती रानात पळाली. तिने खूण मागितली नव्हती, लोकर पसरली नव्हती. झऱ्यापाशी देवच तिला गाठतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? त्याला ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. तरी विचारतो, आणि तिचं ती सांगेपर्यंत थांबतो. मग तिला परत त्याच मालकिणीकडे पाठवतो. तो भाग मला आजही पटलेला नाही, आणि तसं मी त्याला सांगते. पण जो ऐकायला थांबतो, त्याच्यावर भिस्त ठेवता येते. टोपी मी पुन्हा कठड्यावर ठेवली नाही.

मुलीने पुढे आपलं आपण जमवलं. नाशिक फाट्याला पहिल्याच भेटीत एका दुसऱ्या मुलाला म्हणाली, "मला फिट येतात, रोज गोळ्या घेते. चहा घेणार?" तो म्हणाला, "घेईन. साखर कमी." त्या कमी साखरेवाल्याची लेक, माझी नात, आता ह्यांची माकडटोपी घालून घरभर धावते. मुलगी मात्र गुरुवारच्या सभेला पुन्हा आली नाही. आणि मावशीला ती तेव्हापासून काकू म्हणते.

परवा ती काकू माझ्याकडे आली. बसली, पदर तोंडाला लावला आणि तिच्या घरातली एक गोष्ट मला सांगितली. उठताना म्हणाली, "गुरुवारी बोलू नकोस हं."

गुरुवारी माझी पाळी आली. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. ती सतरंजीची कड मुठीत धरून बसली होती. मी पाळकसाहेबांच्या खोकल्यासाठी प्रार्थना केली, हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी केली, वरच्या वहिनींच्या तुळशीसाठीसुद्धा केली. जरा जास्तच लांबवलं. मग म्हणाले, "आणि प्रभू, या माझ्या मैत्रिणीच्या मनात काय आहे..."

थांबले. तिचा श्वास ऐकू येत होता.

"...ते तिचं ती तुला सांगेल. आमेन."

सभेनंतर तिने माझा हात धरला. मी धरू दिला. चहाला बस मात्र म्हटलं नाही. आणि मुलीलाही मी अजून सांगितलेलं नाही, की तिला मावशी म्हण.