बर्गनमधली होळीची पोळी

रुचा कधी रडली असती, आदळआपट केली असती, तर शैलजाला जरा बरं वाटलं असतं. पण ही मुलगी जणू एकच शब्द शिकून जन्माला आली होती, "फाइन." गुडघा फुटला, फाइन. शाळेतली एकुलती एक मैत्रीण टेक्ससला निघून गेली, फाइन. आता दीड वर्षं ती नॉर्वेत, बर्गन नावाच्या गावात एकटी राहत होती आणि दर रविवारी फोनवर उत्तर तेच. त्या 'फाइन'खाली काय दडलंय, हा भुंगा काही केल्या शैलजाच्या डोक्यातून जात नव्हता.

रुचा वाढली ती अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत. मराठी मंडळाच्या गणपतीत बाकीची मुलं स्टेजवर नाचायची, ही कोट ठेवलेल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. सात वर्षांची असताना शेजारच्या आजोबांनी तिला गोठलेल्या तळ्यावर नेलं. बर्फाला पाडलेल्या भोकातून खालचे मासे बघत ती तीन तास पालथी पडून राहिली. पुढचं सगळं बहुधा तिथेच ठरलं. बर्गनला ती माशांच्या कानातल्या खड्यांचा अभ्यास करत होती. झाडाच्या खोडासारखी त्या खड्यालाही दर वर्षी एक रेघ येते म्हणे. त्या मोजायच्या आणि माशाचं वय सांगायचं. मंडळात कुणी विचारलं, की शैलजा "बायॉलॉजी" एवढंच म्हणून विषय बदलायची. मासे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग खातेपण का?"

जूनमध्ये रुचाचं मास्टर्स संपणार होतं. शैलजाच्या नवऱ्याचा, अरुणचा, कॉलेजपासूनचा मित्र गिरीश मिनिआपोलिसमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने आपणहून फोन केला. "वहिनी, माझ्याकडे एक जागा आहे. डेटाचं काम, रुचाला सहज जमेल. ईस्टरनंतरच्या बुधवारपर्यंत मी कुणाला घेत नाही."

"बघते," शैलजा म्हणाली. फोन ठेवला आणि रुचाच्या खोलीतले पडदे धुवायला काढले.

त्या वर्षी, २००५ साली, होळी नेमकी गुड फ्रायडेला आली होती. अरुणने सुट्टी टाकली आणि दोघं गुरुवारी बर्गनला पोचली. रुचाने आधीच मेल केली होती, 'ईस्टरला सगळं बंद असतं, काय लागेल ते आधी कळव.' शैलजाला ते खरंच वाटलं नाही. अमेरिकेत ख्रिसमसलासुद्धा कुठे ना कुठे दूध-ब्रेड मिळतो. तिने चणाडाळ, गूळ, वेलची घेतली आणि बॅग जड होते म्हणून कणीक मात्र काढून ठेवली. पीठ काय, कुठेही मिळेल!

शुक्रवारी सकाळी ती खाली उतरली तर गाव चिडीचूप. दुकानं कडकडीत बंद. बंदरावरची ती शेकडो वर्षांची लाल-पिवळी लाकडी घरं एकमेकांच्या खांद्यावर रेलून ऊन खात उभी होती आणि माणसं त्यांच्याकडे पाठ करून बाकांवर संत्री सोलत बसली होती. कुणालाही कसलीही घाई नव्हती.

"अर्धं गाव डोंगरातल्या केबिनमध्ये गेलंय," रुचा म्हणाली. "इथे ईस्टरला तीनच गोष्टी करतात. ऊन, संत्री आणि मर्डर मिस्टरी. बघ, दुधाच्या खोक्यावरपण छापलीय."

अरुण हरखलाच. न्याहारी करताना रुचा खोक्यावरची गोष्ट मराठीत सांगत होती आणि तो मध्येच ओरडत होता, "माळी! माळ्यानेच मारलं!"

"बाबा, यात माळी नाहीये."

"तोच तर लपलाय!"

"तुम्हाला खून सुचतायत," शैलजा कावली. "माझी डाळ शिजून बसलीय आणि घरात चिमूटभर पीठ नाही. होळीला पुरण असं नुसतं खायचं का चमच्याने?"

"मी खाईन," अरुण म्हणाला.

"फाइन, आई. पाच मिनिटं दे," म्हणून रुचा जिन्याने खाली गेली.

पाचाची पंधरा मिनिटं झाली. शैलजा दाराशी आली, तर खालून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. मोठ्याने, खिदळून, श्वास लागेपर्यंत. किती मोकळी मुलगी आहे कुणाची, असं तिच्या मनात आलं. मग ती मुलगी जिना चढून वर आली. ती रुचा होती.

तिच्यामागे खालच्या मजल्यावरच्या इंगेर आजी होत्या. वय ऐंशीच्या घरात, एका हातात पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात तलवारीसारखी लांब चपटी लाकडी पट्टी. रुचाच्या हातात ताटापेक्षा मोठा तवा. नॉर्वेत लेफ्से नावाची बटाट्याची पातळ पोळी करतात, तिचं हे सामान. मिनेसोटातल्या चर्चच्या सेलमध्ये शैलजाने ती पोळी पाहिली होती, पण त्या पट्टीवर एक दिवस आपली पुरणपोळी उलटेल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

पहिली फुटली. दुसरी आजींनी पट्टीवर अशी अलगद उचलली की शैलजाच्या तोंडून "वा!" निघालं. पोळी फुगली, एकही डाग जास्त नाही. आजींनी घास घेतला, डोळे मिटले आणि नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. रुचा पुन्हा खिदळली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आपण उगाच बटाटा घालत बसलो इतकी वर्षं."

मग आजी शैलजाकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "बरं झालं, अजून तीन वर्षं ही इथेच राहील. जिन्यात कुणीतरी हसायला हवं."

शैलजाने रुचाकडे पाहिलं. रुचा तव्याकडे बघत होती.

तो विषय शैलजाने दोन दिवस काढला नाही. तिच्या मानाने हा विक्रमच. रविवारी तिघं रुळांवरच्या गाडीने डोंगरावर गेली. खाली फ्योर्ड, डोंगरांत घुसलेला समुद्र, चमकत होता. अरुण तोंडावर टोपी घेऊन गवतावर आडवा झाला. शैलजाने संत्रं सोललं आणि अर्धं रुचाच्या हातावर ठेवलं.

"तीन वर्षांचं काय गं?"

"पीएचडीची जागा. मिळालीय. अजून हो नाही म्हटलं."

"आम्हाला सांगितलं का नाहीस?"

रुचाने फोडीवरचा एकेक दोरा काढला. "तू गिरीश काकांना हो म्हणून बसलीयेस."

"मी हो कुठे म्हटलं? बघते म्हटलं!"

"आई, तू पडदे धुतलेस. बाबांनी सांगितलं."

टोपीखालून घोरणं एकदम थांबलं.

"काकांनी जागा धरून ठेवलीय. मी नाही म्हटलं तर तू मंडळात त्यांना काय तोंड दाखवशील? इथे मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय, म्हणून 'नको' असं कळवणार होते. इट्स फाइन."

म्हणजे त्या शब्दाखाली हे दडलेलं होतं. एकटेपण नाही, आजारपण नाही, दर रविवारी फोन ठेवल्यावर शैलजाने कल्पिलेलं काहीच नाही. आपली आई अवघडून जाईल, एवढंच. शैलजाच्या हातातलं अर्धं संत्रं तसंच राहिलं.

"मंगळवारी काही सांगू नकोस," ती म्हणाली. "मुदत मागून घे. दोन दिवस देतील ना?"

"देतील. का?"

"मी सांगते म्हणून."

मंगळवारी दोघं परतली. बुधवारी सकाळी ईडन प्रेरीत ड्राइव्हवेवर मळका बर्फ तसाच पडून होता आणि न उघडलेल्या बॅगेतून संत्र्यांचा वास येत होता. तीन वर्षं. तिथला पाऊस, तो अंधार, आजी ऐंशीच्या घरात. काळजीचं सामान भरपूर होतं. पण जिन्यातलं ते हसणं कानातून जात नव्हतं.

शैलजाने फोनची डायरी उघडली आणि 'ग'चं पान काढलं.

"अगं, आधी चहा तरी घे," अरुण म्हणाला.

"चहा घेतला की मी पुन्हा 'बघते' म्हणेन," ती म्हणाली आणि गिरीशचा नंबर फिरवायला लागली.