त्यांनी डाव दिला नाही

रावळपिंडीच्या कसोटीत पाहुण्या संघाने पहिल्याच दिवशी पाचशेच्या वर धावा कुटल्या, तेव्हा आमच्या कचेरीत कोणी धड काम केलं नाही. उजेड गेला म्हणून खेळ लवकर थांबला, नाहीतर आणखी झाल्या असत्या, याचीच सगळ्यांना हळहळ. "काय धुतलं बे," असं जो तो म्हणत होता. मला मात्र बॉल टाकणारे दिसत होते. मारणाऱ्याचं नाव विक्रमाच्या यादीत जातं आणि दिवसभर पळत येऊन टाकणाऱ्याने फक्त 'मार खाल्ला'. मी असा मार खाल्लेला माणूस आहे. त्यामुळे मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

त्या पाहुण्यांबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. त्यांनी पुढे डाव आपणहून सोडला, समोरच्यांना जिंकायची संधी दिली, घाम गाळून बॉलिंग केली आणि पाचव्या दिवशी सामना जिंकला. डाव घेतला तसा दिला. गल्लीतल्या पोरांचाही हाच कायदा असतो. स्वतःची बॅटिंग झाली की "आई बोलावते" म्हणून घरी पळणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नाही.

आमच्या भागातल्या धाड गावच्या मैदानावरचा धावांचा विक्रम अशा पळालेल्यांच्या नावावर आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो. दोन दिवसांचा सामना ठरला, पहिला दिवस एका संघाचा, दुसरा दुसऱ्याचा. त्यांच्याकडे मोठ्या शेतीवाल्या घरांतली मुलं, पॅड-ग्लोव्हजसकट. आम्ही उंद्री गावचे, बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत खेळणारे. टॉस झालाच नाही. "पहिले आमी," असं त्यांच्या कॅप्टनने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. आदल्या दिवशी रोलर फिरवून फिरवून त्यांनी खेळपट्टीचा पार डांबरी रस्ता करून ठेवला होता.

सकाळपासून एका बाजूने मीच टाकत होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या डाव्या बुटाचा तळ सुटला, तो सुतळीने बांधून घेतला. ते मंडपात जेवले, आम्ही लिंबाखाली डबे सोडले. संध्याकाळपर्यंत चारशेच्या वर धावा झाल्या. त्यातल्या दोनशे एकट्या कॅप्टनच्या. माझ्या बॉलिंगवर त्याचे तीन झेल उडाले आणि तिन्ही सुटले, कारण पोरांचे हात उन्हाने आणि पळून पळून गळाले होते.

आमच्या सलामीच्या फलंदाजाला सगळे दादा म्हणायचे. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, बांधकामावर मिस्तरी. दोन दिवसांचं काम सोडून तो आला होता आणि बँडवाल्याकडून पांढरी पँट मागून आणली होती. पँटीच्या शिवणीला लाल पट्टी होती, ती त्याने चुना लावून झाकली होती. त्याला आयुष्यात एकदा पॅड बांधून, पांढऱ्या कपड्यांत, पूर्ण दिवस खेळायचं होतं. दिवसभर सीमारेषेवर पळता पळता माझ्याजवळून गेला की म्हणायचा, "टाकत राह्य. उद्या आपला दिवस हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही अकराही जण धाडला उतरलो. दहा वाजले, अकरा वाजले. मग एका जीपवाल्याने निरोप आणला, "ते लोक नाई येऊन राह्यले. त्यायच्या कॅप्टनच्या घरी साखरपुडा हाय. अन् मॅच तं त्यायचीच झाली म्हणे." साखरपुडा काही रात्रीतून ठरत नाही. आदल्या दिवशी मंडपात जेवताना त्यांना तो ठाऊक होता आणि तरी त्यांनी मला शेवटच्या षटकापर्यंत पळवलं.

यंदा त्या मैदानाला नवी भिंत झाली. भिंतीवर मोठा फलक लावायचा ठरला: मैदानावरचा एका दिवसातला सर्वाधिक धावांचा विक्रम. तो कॅप्टन आता मैदानाच्या समितीचा अध्यक्ष आहे. त्याने मला फोन केला, "ये ना, त्या मॅचचा बॉलर म्हणून तुले शाल-श्रीफळ देऊ." मी दादाला घेऊन गेलो. दादाचे केस पांढरे झालेत आणि गुडघे वाजतात, पण तो माझ्याआधी येऊन स्टँडवर उभा होता.

पेंटरच्या हातात मजकुराचा कागद होता. धावा, कॅप्टनचं नाव, आणि खाली एक ओळ: 'प्रतिस्पर्धी संघ खेळला नाही.' माझं डोकं फिरलं. अकरा माणसं उन्हात ताटकळली आणि कागदावर दोष आमचाच.

"खेळला नाही काऊन?" मी विचारलं. "खेळू दिलं नाही, असं लिहा."

"इतक्या वर्षांचं काय घेऊन बसला बे," अध्यक्ष म्हणाला. "एका शब्दाचा तं फरक हाय."

"मंग बदला तो शब्द."

"तुह्यासाठी इतिहास बदलू काय?"

मी आणखी बोललो असतो, बरंच साठलं होतं. पण दादाने माझ्या दंडाला धरून मला मागे सारलं.

"मले शब्द नोको, भाऊ," तो अध्यक्षाला म्हणाला. "मले दोन ओव्हर टाका."

अध्यक्ष हसला, मग बाकीचे हसले. दादा हसला नाही. मैदानात स्टंप ठोकलेले होते, जवळच सरावाचं सामान पडलं होतं. त्याने पॅड उचलले, खाली बसून सावकाश बांधले, बॅट घेतली आणि जाऊन उभा राहिला. हसणं आपोआप थांबलं.

"माहा खांदा दुखते," अध्यक्ष म्हणाला. त्याने समितीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघू लागले.

त्या सामानातला एक बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला होता. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टाकला असता तर त्याला दोन ओव्हर मिळाल्या असत्या, आणि त्याच्या वयाकडे पाहता पुन्हा कधी मिळतील असं वाटत नव्हतं. माझा जीव तुटत होता. तरी मी बॉल उचलला नाही. टाकायची पाळी त्यांची होती.